शाहीर अमर शेख : टंचाईच्या काळातील लोकगायक

माणसाच्या पोटाला भाकरी लागते, हे सांगण्यासाठी कोणा पंडिताची गरज नाही. परंतु भाकरी दुर्मिळ झाली म्हणजे पोटाच्याही आधी मन खचते, ही गोष्ट मात्र आपण विसरतो. धान्य महागले, हाताचे काम गेले, दुकानदाराने उधारी बंद केली की माणूस चारचौघांत मिसळेनासा होतो. आपल्यावरची आपत्ती ही आपलीच नालायकी आहे असे त्याला वाटू लागते. अशा वेळी त्याला खोलीबाहेर काढून मैदानात आणून बसवणारा, हसवणारा, आणि तुझ्यासारखे लाखो आहेत हे दाखवून देणारा कोणी भेटला, तर त्याचे उपकार धान्याच्या पोत्याइतकेच मानले पाहिजेत. महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांना असा एक माणूस भेटला होता. तो आपल्याच समाजातला होता, मराठी बोलणारा, मराठीत रचणारा आणि मराठीत गाणारा होता. त्यांचे नाव शाहीर अमर शेख.

आपल्या मुलामुलींना हे नाव माहीत असते, पण बहुधा नावापुरतेच. त्यांच्या आयुष्याची हकिकत सांगितली पाहिजे म्हणून हा लेखनप्रपंच.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे २० ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. बार्शी हे त्या काळी व्यापाराचे मोठे गाव. मराठवाड्याच्या सीमेवरचे हे गाव त्या वेळी निजामाच्या राज्याला लागून होते. १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत छोटी रेल्वे आली आणि धान्याच्या, कापसाच्या गाड्या तेथे रिकाम्या होऊ लागल्या. पुढे कापसाच्या गिरण्याही उभ्या राहिल्या. पण गाव व्यापाराचे असले म्हणून गावातील सगळेच व्यापारी नसतात. पटेलांचे घर गरीब होते. आडनाव पाटीलकीचे, घरात मात्र अठराविश्वे दारिद्र्य.

या घरातली एकमेव दौलत म्हणजे आई मुनेरबी यांचा गळा. त्यांना लोकगीते पाठ होती. अमर शेखांनी कोणा उस्तादाकडे गंडा बांधून गाणे शिकल्याचे दिसत नाही. त्यांची पहिली तालीम घरातच झाली आणि ती आईच्या तोंडून झाली. कित्येक माता आपण शिकलेल्या नाही म्हणून मुलांच्या शिक्षणाच्या गोष्टीत मागे सरतात. त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम लिहीत आहे. मुनेरबींनी मुलाला जी भाषा दिली ती पुस्तकातून मिळणारी नव्हती, आणि पुढे लाखालाखाच्या सभांनी जी ऐकली ती मूळ तीच भाषा होती.

मेहबूबचे बालपण सरून तारुण्य उगवले तेव्हा जगभर मंदीचा फेरा सुरू झाला होता. १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला, आणि त्याचे धक्के सोलापूर जिल्ह्यातील ज्वारी-कापसाच्या शेतापर्यंत आले. दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सारा मात्र तेवढाच राहिला, सावकाराचे व्याजही तेवढेच राहिले. पिकले तरी मरण आणि न पिकले तरी मरण, अशी शेतकऱ्याची गत झाली. मजुरी करणाऱ्याची गत तर विचारूच नये. या दिवसांत मेहबूबने मिळेल ते काम केले. मोटारगाडीवर क्लीनर म्हणून राबले, गिरणीत कामगार म्हणून राबले. त्याच सुमारास स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारेही त्यांना लागले. शाळेचे शिक्षण पुरे होण्याचा प्रश्नच नव्हता.

बार्शीच्या गिरणीत संप झाला तेव्हा हा तरुण पुढाऱ्यांत होता. त्याचे बक्षीस म्हणून तुरुंग मिळाला. नगर जिल्ह्यातील विसापूरचा तुरुंग त्या काळी राजकीय कैद्यांनी गजबजलेला असे. तेथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांची गाठ पडली आणि मेहबूब साम्यवादी विचारांकडे ओढले गेले. त्या विचारांशी आपल्यापैकी पुष्कळांचे पटणार नाही, माझेही सगळे पटत नाही. परंतु भुकेच्या मुळाशी नशीब नसून माणसांनी केलेली व्यवस्था असते, ही जाणीव त्यांना त्या कोठडीत झाली, आणि त्यांच्या पुढच्या प्रत्येक गाण्यात ती आहे. ती वगळून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही.

तुरुंगातून सुटल्यावर काही काळ ते कोल्हापुरात होते. तेथे मास्टर विनायक यांच्या चित्रपट स्टुडिओत त्यांनी काम केले. तेथील मित्रमंडळींनी त्यांना अमर शेख हे नाव दिले. मेहबूब हुसेन पटेल मागे पडले आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना याच नावाने ओळखले. चित्रपटाच्या धंद्यात त्यांच्या देखण्या रूपाला आणि आवाजाला वाव मिळाला असता. पण त्यांची पावले मुंबईच्या गिरणगावाकडे वळली.

त्या काळचे गिरणगाव डोळ्यांपुढे आणल्याशिवाय अमर शेखांचे काम समजणार नाही. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड हा सारा भाग चाळींचा. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार आपली बायकामुले गावी ठेवून येथे राही. एकेका खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्याच वळकटीवर अंग टाकी. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर होते. ते गिरण्यांच्या विणकाम खात्यात राबत. दुसरे महायुद्ध सुरू झाले तसे गिरण्यांना काम भरपूर आले. मालकांना नफा झाला, पण कामगाराच्या पगारापेक्षा बाजारातले भाव दुप्पट वेगाने पळू लागले. १९४० च्या मार्चमध्ये महागाईभत्त्यासाठी पावणेदोन लाख कामगारांनी संप केला आणि तो चाळीस दिवस चालला. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग आले. गहू-तांदळासाठी रांग, रॉकेलसाठी रांग, आणि रांगेच्या शेवटी दुकानात माल संपला अशी पाटी. तोच माल मागच्या दाराने काळ्या बाजारात दिसे.

दिवसभर राबून आलेल्या या माणसाच्या करमणुकीची सोय काय होती? एक दारूचा गुत्ता, दुसरा जुगाराचा अड्डा. तिसरा फडाचा तमाशा. तो त्याला मनापासून आवडे, कारण त्यात त्याच्या गावची ढोलकी वाजे.

१९४४ च्या सुमारास अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या तीन माणसांचा मेळ कसा जमला याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. अण्णाभाऊ वाटेगावच्या मातंग वस्तीतून पायी मुंबईला आलेले आणि माटुंग्याच्या लेबर कँपमध्ये राहणारे. गव्हाणकर हिंदू समाजातील सुशिक्षित कार्यकर्ते. अमर शेख बार्शीचे मुसलमान. ज्या काळात देशभर धर्माच्या नावाने पक्ष आणि मोर्चे उभे राहत होते, त्या काळात हे तिघे एका ताटात जेवत होते, एका सुरात गात होते. अण्णाभाऊंची लेखणी, गव्हाणकरांची रचना व जुळणी, आणि अमर शेखांचा आवाज. तो आवाज पहाडी होता. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा अशी त्याची ख्याती होती. हातात डफ घेऊन ते उभे राहिले म्हणजे बसलेली माणसे ताठ होत.

या कलापथकाने केले काय, तर लोकांना आवडणारा तमाशाच घेतला, पण त्याच्या पोटातला माल बदलला. जुन्या तमाशात आरंभी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असे. यांनी गणामध्ये गणपतीऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले. शृंगाराने भरलेली गवळण काढून टाकली. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि सोंगाड्या मात्र ठेवला. सोंगाड्याच्या तोंडी आता साठेबाज व्यापारी आला, पठाणी व्याज घेणारा सावकार आला, मुकादम आला, रेशनच्या दुकानातला तराजू आला. सकाळी ज्या दुकानदारापुढे हात जोडले, त्यालाच रात्री मैदानातल्या फळ्यांच्या रंगमंचावर घाबरून पळताना पाहून कामगार पोट धरधरून हसे. ज्याला आपण हसलो त्याची भीती दुसऱ्या दिवशी थोडी कमी वाटते. कोणत्याही शाळामास्तरला हे माहीत असते, कारण मुले त्याचीही नक्कल करतात!

गाण्याने ज्वारीचा भाव उतरला का? नाही. एका रात्रीच्या वगाने कोणाची चूल पेटली असे मी म्हणणार नाही. पण एकेकट्या खोलीत कुढत बसलेली माणसे चटईवर खांद्याला खांदा लावून बसली. माझगावच्या गोदीतला, लालबागच्या गिरणीतला, मदनपुऱ्याच्या मागावरचा, सगळे एकाच ठिकाणी हसले. दुसऱ्या दिवशी रेशनच्या रांगेत ते एकमेकांना ओळखू लागले. चित्रपटाच्या पडद्यावरही हसू मिळते, पण तेथे दिवे विझवलेले असतात. कलापथकाचा खेळ दिवे लावून होत असे. मला हा फरक फार मोठा वाटतो.

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. युद्ध, साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई यांनी मिळून सुमारे तीस लाख माणसांचे प्राण घेतले. त्याच वर्षी मुंबईत भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला. आपल्या समाजातील ख्वाजा अहमद अब्बास, अली सरदार जाफरी, कैफी आझमी यांच्यासारखी मंडळी त्यात होती. अब्बास यांनी संघाच्या कलावंतांना घेऊन या दुष्काळावर १९४६ साली ‘धरती के लाल’ हा चित्रपट काढला. मराठीत अण्णाभाऊंनी बंगालची हाक हा पवाडा रचला, आणि कलापथकाने बंगालचे दुःख महाराष्ट्राच्या गावोगावी पोचवले. गिरणगावातला माणूस स्वतःच अर्धपोटी होता. तरी अशा कार्यक्रमांना येऊन त्याने दूरच्या बंगाली बांधवांसाठी झोळीत आणे-दोन आणे टाकले. आपल्यापेक्षा जास्त उपाशी माणसासाठी खिशात हात घालणारा माणूस त्या क्षणापुरता तरी दीन राहत नाही. जकात आणि सदका यांचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे स्वातंत्र्य आले ते फाळणीचे रक्त घेऊन आले. अण्णाभाऊंचा पंजाब-दिल्लीच्या दंग्यावरचा पवाडा त्याच वेळचा. दंग्याधोप्याच्या त्या दिवसांत, ज्या व्यासपीठावर अमर शेख नावाचा मुसलमान शाहीर उभा राहून मराठी मायबोलीत ऐक्याचे गाणे म्हणत होता, त्या व्यासपीठासमोर हजारो हिंदू कामगार बसत होते. कोणी त्यांना परका म्हटले नाही. म्हटले असते तर त्या गर्दीनेच त्याला गप्प केले असते.

स्वराज्याच्या पहिल्या वर्षांत मात्र या शाहिरांची वाट सोपी झाली नाही. साम्यवादी पक्षावर सरकारचा रोष होता, आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. टंचाई संपली नव्हती, काळा बाजार संपला नव्हता, पण त्याच्यावर हसण्याला मनाई झाली. तमाशाचे नाव बदलून त्याला लोकनाट्य म्हणण्याची चाल याच काळात रुजली.

अमर शेख हे केवळ दुसऱ्यांची गाणी गाणारे नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. १९५१ साली त्यांचा ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक आले. ‘कलश’ हा कवितासंग्रह १९५८ साली आणि ‘धरतीमाता’ १९६३ साली प्रसिद्ध झाला. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिके त्यांनी चालवली. महात्मा फुले यांच्यावरील आणि ‘प्रपंच’ या चित्रपटांत त्यांनी भूमिकाही केल्या. त्यांच्या सर्वच कविता सारख्या तोलाच्या आहेत असे मला वाटत नाही. काही ठिकाणी घोषणेने कवितेवर मात केली आहे, आणि त्यांचा आवाज नसताना नुसत्या कागदावर वाचल्या तर काही ओळी कोरड्या वाटतात. पण आई, माती आणि श्रम या तीन विषयांवर ते लिहू लागले की मुनेरबींचा मुलगा जागा होतो.

येथे एक शंका काही पालकांच्या मनात येईल. गाणे, डफ, तमाशा हे आपल्या मुलांपुढे आदर्श म्हणून कशाला ठेवायचे? धर्माच्या दृष्टीने गाण्याबजावण्याविषयी उलेमांत मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही, तो माझा अधिकार नाही. एवढेच निदर्शनास आणतो की शाहीर हा शब्दच मुळी अरबी शाइरवरून आलेला आहे, आणि डफही तिकडचाच. पेशवाईच्या अखेरीस गाजलेले सगनभाऊ हे जेजुरीचे मुसलमान शिकलगार होते. त्याही आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. मराठी ही आपल्याला नोकरीपुरती शिकायची परकी भाषा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही परंपरा पाहावी. घरी दखनी बोलणारा आणि बाहेर मराठी बोलणारा मुलगा दोन्ही घरांचा वारस असतो. अमर शेख तसेच होते.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे पर्व म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा लढा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. त्यांत गिरण्यांतले कामगार होते, विद्यार्थी होते. समितीकडे पैसा नव्हता, बहुतेक मोठी वर्तमानपत्रे तिच्या विरुद्ध होती. तिच्याजवळ आचार्य अत्रे यांचे वक्तृत्व आणि ‘मराठा’ दैनिक होते, कॉम्रेड डांगे आणि एसेम जोशी होते, प्रबोधनकार होते, आणि शाहीर होते. सभेला सायंकाळी पाचपासून माणसे जमत. वक्ते येईपर्यंत दोन-दोन तास ती गर्दी धरून ठेवणे हे अमर शेखांचे काम. ते फक्त गर्दी धरून ठेवत नसत. गोळीबारात मुलगा गमावलेली आई त्या गर्दीत असे, पगार बुडवून आलेला कामगार असे. त्यांना रडू येऊ देऊन मग उठवून उभे करणे, हे भाषणाने होत नाही, ते डफाने होत असे. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड याच लढ्यात घरोघरी पोचली. गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढणारा कामगार आणि मुंबईवाचून तुटलेला महाराष्ट्र, या दोन्ही गोष्टी तिने एकात गुंफल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्याआधी गोवामुक्तीच्या आंदोलनासाठीही त्यांचा डफ वाजला होता.

१९६२ साली चीनने आक्रमण केले. साम्यवादी विचारांच्या माणसांकडे तेव्हा संशयाने पाहिले जात होते. मुसलमानांकडेही काही लोक उगाच संशयाने पाहतात, हे आपण जाणतोच. अमर शेखांनी कोणाला खुलासे दिले नाहीत. ते देशाच्या संरक्षणासाठी गात फिरले. १९६५ च्या युद्धाच्या वेळीही ते घरी बसले नाहीत.

एवढे करून त्यांनी स्वतःसाठी काय जमवले याचा हिशेब फार लवकर आटोपतो. त्यांच्या आवाजावर निरनिराळ्या कार्यांसाठी मोठमोठे निधी जमले, त्यांच्या घरात मात्र चैन कधी आली नाही. कुसुमताई जयकर या चळवळीतल्या कार्यकर्तीशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख पुढे मराठीतील नामवंत कवयित्री झाल्या. लोकांच्या कामाला वाहून घेतलेल्या माणसाच्या घरच्यांना जे सोसावे लागते ते या घरानेही सोसले.

१९६९ हे वर्ष महाराष्ट्राच्या लोकव्यासपीठाला फार क्रूर ठरले. १३ जून रोजी आचार्य अत्रे गेले. १८ जुलै रोजी अण्णाभाऊ साठे हलाखीत गेले, वय अवघे अठ्ठेचाळीस. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचा अंत झाला. त्यांना त्रेपन्नावे वर्ष पुरे व्हायलाही दोन महिने बाकी होते. ज्या सोलापूर रस्त्यावर त्यांनी तरुणपणी बार्शीहून निघून जगाची वाट धरली, त्याच रस्त्याच्या कडेला त्यांचा प्रवास थांबला. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन सुरू झाले आणि तेथे मुले लोककला शिकू लागली. शाळेचे शिक्षण ज्यांना पुरे करता आले नाही त्यांच्या नावाचे अध्यासन विद्यापीठात!